तळे कोणाच्या हाती? शहराच्या पर्यावरणावर महापालिकेची देखरेख

१९ जानेवारी २०१८ रोजी बंगळुरूच्या बेल्लंदूर तळ्याला आग लागली. तळ्यात आणि काठाने माजलेले वाळके गवत, जलपर्णी आणि कचरा पेटला, आणि धूर आसपासच्या वस्त्यांवर पसरला. तळ्याच्या एका अंगाला लष्कराची जमीन आहे, तिथे आर्मी सर्व्हिस कोअरचे केंद्र आहे. त्या केंद्राचे सुमारे ५००० जवान आग विझवायला उतरले. अग्निशमन दलाच्या जोडीने त्यांनी कित्येक तास काम केले, तेव्हा कुठे ती आटोक्यात आली.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी ही घटना सांगतो, तेव्हा कॅडेट्सचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, पाण्याला आग कशी लागते?" त्याचे उत्तर विज्ञानाच्या सरांकडे आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न. तो एखादाच विचारतो : "सर, तळे होते कोणाचे? त्यांनी आधी का नाही पाहिले?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून हा पाठ.

आपल्यापैकी बहुतेक जण सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव, पुणे, विदर्भ अशा भागांतून इथे आलेले आहेत. म्हणून बंगळुरूबरोबर महाराष्ट्रातलीही उदाहरणे घेतली आहेत. दोन शहरांची तुलना केली की कायदा लवकर समजतो.

करणारे आणि विचारणारे

पाठ्यपुस्तकात महापालिकेच्या कामांची यादी असते : पाणी, दिवाबत्ती, रस्ते, कचरा, उद्याने. ती पाठ करून गुण मिळतात, पण त्या यादीत एक गोष्ट दिसत नाही. महापालिकेत दोन निरनिराळी अंगे असतात. एक काम करणारे आणि दुसरे कामाचा जाब विचारणारे.

काम करणाऱ्या अंगाचा प्रमुख म्हणजे आयुक्त. तो सरकारने नेमलेला अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली अभियंते, आरोग्य अधिकारी, उद्यान विभाग अशी फौज असते. विचारणारे अंग म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांचे सभागृह. पुण्यात त्याला मुख्य सभा म्हणतात, इतरत्र सर्वसाधारण सभा किंवा महासभा. महापौर या सभेचा अध्यक्ष असतो. नाला साफ करणे हे सभागृहाचे काम नाही. नाला साफ करण्यासाठी किती पैसे ठेवले, ते खर्च झाले का, खर्च होऊनही नाला का तुंबला, हे विचारणे त्याचे काम आहे.

आपल्या शाळेतही जो कॅडेट खोली लावतो तोच तिची तपासणी करत नाही. तपासणाऱ्याला झाडू मारता आला नाही तरी चालते, पण पलंगाखाली वाकून पाहण्याचा अधिकार आणि इच्छा दोन्ही त्याच्याकडे असावी लागतात. शहराचेही तसेच आहे. अधिकार कायद्याने मिळतो. इच्छा मात्र मतदार जागा असेल तर टिकते.

घटनेने काय दिले

१९९२ साली संसदेने ७४ वी घटनादुरुस्ती केली आणि १ जून १९९३ पासून ती लागू झाली. तिने शहरांच्या स्थानिक संस्थांना घटनेत जागा दिली. या दुरुस्तीबरोबर बारावे परिशिष्ट आले. त्यात १८ विषय आहेत. पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा आहे. दुसरा जमिनीचा वापर आणि बांधकामे यांवरच्या नियंत्रणाचा. सहावा सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचऱ्याचा, आणि आठवा नागरी वनीकरण व पर्यावरण रक्षणाचा. म्हणजे नियोजन आणि पर्यावरण हे दोन्ही विषय शहराच्या सभागृहाकडे असावेत, असा घटनेचा रोख आहे.

पण इथे एक शब्द नीट वाचायला हवा. हे अधिकार राज्याचे विधिमंडळ महापालिकेला देऊ शकेल, असे घटना म्हणते. दिलेच पाहिजेत, असे म्हणत नाही. त्या एका 'शकेल'मुळे प्रत्येक राज्यात चित्र वेगळे झाले आहे.

दोन बाबतींत मात्र घटनेने सक्तीची भाषा वापरली आहे. सभागृहाची मुदत पाच वर्षांची, आणि मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. तसेच दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी, आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य त्या भागातल्या लोकनियुक्त प्रतिनिधींमधून निवडलेले असावेत. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील.

सभागृहाच्या हातातली पाच साधने

देखरेख म्हणजे नुसते लक्ष ठेवणे नव्हे. त्यासाठी साधने लागतात. माझ्या मते ती पाच आहेत.

पहिले साधन विकास आराखडा. कोणत्या जमिनीवर घरे, कुठे कारखाने, कुठे बाग, कुठल्या ओढ्यापासून किती अंतर मोकळे, हे सारे या नकाशात ठरते. आराखडा मंजूर झाला की तो कायद्यासारखा बांधून ठेवतो. म्हणून तो मंजूर होण्याआधी लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या जातात.

दुसरे साधन अंदाजपत्रक. पर्यावरणाविषयी कितीही भाषणे झाली तरी तळ्यासाठी पैसे ठेवले की नाही, हे अंदाजपत्रकाच्या पानावरच कळते. आयुक्त ते मांडतो, सभागृह त्यात बदल करून मंजूर करते.

तिसरे साधन समित्या. शे-दोनशे लोकांच्या सभेत बारकाईने तपासणी होत नाही. म्हणून आरोग्य, नगररचना, हिशेब अशा विषयांच्या छोट्या समित्या असतात. कागदपत्रे मागवणे, अधिकाऱ्याला बोलावणे, निविदा तपासणे ही कामे तिथे होतात.

चौथे साधन प्रश्न आणि अहवाल. महाराष्ट्रात महापालिका अधिनियमातल्या एका कलमाने आयुक्ताला दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. हवा, पाणी, आवाज, कचरा, झाडे यांची माहिती त्यात असते. बऱ्याच ठिकाणी तो छापून कपाटात जातो, ही गोष्ट वेगळी. पण एखाद्या नगरसेवकाने गेल्या वर्षीचा अहवाल शेजारी ठेवून दोन्हींतले आकडे जुळवून पाहिले, तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

पाचवे साधन प्रभाग समिती. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात अशा समित्या असाव्यात, असे घटना सांगते. बंगळुरूत प्रत्येक वॉर्डाला एक समिती, ही कल्पना. चौकातला कचरा, तुंबलेले गटार, तोडले जाणारे झाड या गोष्टी पाच-सात किलोमीटर दूरच्या मुख्य कार्यालयापेक्षा इथे लवकर कळतात.

पुण्याचे उदाहरण : दोन्ही बाजू

महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे महापालिका स्वतःच नियोजन प्राधिकरण असते. आराखडा ती तयार करते, प्रसिद्ध करते, हरकती ऐकते आणि राज्य सरकारकडे मंजुरीला पाठवते. म्हणजे पहिले साधन थेट सभागृहाच्या हातात आहे. त्याचा उपयोग कसा झाला?

१९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत २३ गावे आली. त्यांच्याबरोबर टेकड्याही आल्या. या टेकड्यांवर बांधकाम होऊ न देता सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैववैविध्य उद्यानासाठी राखून ठेवावी, असा विचार आराखड्यात आला. बाजूने नागरिकांच्या संस्था होत्या. विरोधात जमीनमालक होते, आणि त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता : जमीन आमची, मग टेकडी साऱ्या शहरासाठी राखायची तर भरपाई किती? हा वाद मुख्य सभेत, वर्तमानपत्रांत आणि मंत्रालयात वर्षानुवर्षे चालला. शेवटी २०१५ मध्ये राज्य सरकारने या आरक्षणाला मान्यता दिली. भरपाईच्या दराविषयीची तक्रार त्यानंतरही राहिली. तरी नकाशावर टेकडी टेकडीच राहिली, यात सभागृहातल्या आणि बाहेरच्या चर्चेचा वाटा आहे.

आता दुसरी बाजू. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा आराखडा महापालिकेने तयार केला. त्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. सभागृहात मतभेद आणि उपसूचना एवढ्या झाल्या की ठरलेल्या मुदतीत आराखडा सरकारकडे गेला नाही. मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेच्या हातातून काढून घेतला आणि अधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवला. जानेवारी २०१७ मध्ये तो मंजूर झाला. मिळालेला अधिकार वेळेत वापरला नाही तर तो दुसऱ्याकडे जातो, हे यातून घेण्यासारखे आहे.

बंगळुरूत वाटणी कशी झाली

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि इथे मोठी नदी नाही. म्हणून केंपेगौडांच्या काळापासून इथल्या लोकांनी उतारावर बांध घालून तळी केली. कन्नडमध्ये तळ्याला 'केरे' म्हणतात. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हाही हे तळ्यांचेच गाव होते. एक तळे भरले की पाणी ओढ्याने खालच्या तळ्यात जाते. या मोठ्या ओढ्यांना इथे 'राजकालुवे' म्हणतात. ही साखळी समजली नाही तर शहर समजत नाही.

शहर वाढले तशी साखळीची कडी तुटत गेली. ज्या कांतीरवा क्रीडांगणावर खेळ पाहायला आपण जातो, ते संपंगी तळ्याच्या जागी आहे. गावाकडची बस ज्या मॅजेस्टिक स्थानकातून सुटते, ती धर्मांबुधी तळ्याची जागा. ही तळी एका रात्रीत कोणी चोरली नाहीत. रीतसर ठराव आणि योजना करून ती बुजवली गेली. १९८६ मध्ये लक्ष्मण राव समितीने सरकारला सांगितले की उरलेली तळी राखा, त्यांत मैलापाणी जाऊ देऊ नका. सल्ला बरोबर होता. पण तो पाळला जातो की नाही, हे पाहणारी एकच एक संस्था नव्हती.

बेल्लंदूरचेच पाहा. आकाराने ते शहरातले सर्वांत मोठे तळे, साधारण ९०० एकरांचे. तळ्याचा ताबा बंगळुरू विकास प्राधिकरणाकडे, ज्याला इथे सगळे बीडीए म्हणतात. त्यात येणाऱ्या मैलापाण्याची जबाबदारी १९६४ साली स्थापन झालेल्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाची. प्रदूषण मोजणे आणि कारखान्यांना नोटीस देणे हे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम. काठावर पडणारा कचरा आणि पावसाळी नाले महापालिकेचे. यांपैकी नगरसेवकांच्या सभागृहाला उत्तरदायी असलेली संस्था एकच, ती म्हणजे महापालिका. बाकीच्या तिघी राज्य सरकारला उत्तर देतात.

आराखड्याचेही तेच. १९७६ च्या कायद्याने स्थापन झालेला बीडीए हाच बंगळुरूचा नियोजन प्राधिकारी राहिला. २०१५ पर्यंतचा सुधारित आराखडा २००७ मध्ये मंजूर झाला. २०३१ साठीचा मसुदा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे मागे घेण्यात आला. त्यामुळे शहर पुढे धावत राहिले आणि त्याचा आराखडा मात्र जुन्या सालातच राहिला. पुण्याच्या मुख्य सभेत आराखड्यावर भांडण तरी झाले. बंगळुरूच्या नगरसेवकाला आराखडा मंजूर करण्याचा अधिकारच नव्हता.

२०१६ मध्ये बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल बांधण्याची योजना आली. त्यासाठी आठशेहून अधिक झाडे जाणार होती. योजना बीडीएची होती. लोक रस्त्यावर मानवी साखळी करून उभे राहिले, प्रकरण हरित लवादाकडे गेले, आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने योजना सोडून दिली. पूल हवा होता की नको, यावर मतभेद असू शकतात. मला यात दिसते ते एवढेच : हा वाद व्हायची जागा सभागृह किंवा महानगर नियोजन समिती होती, पण तो फुटपाथवर झाला.

सभागृहच नसेल तर?

२००७ मध्ये सात नगरपालिका, एक लहान शहराची नगरपालिका आणि ११० गावे जुन्या महापालिकेला जोडून बृहत् बंगळुरू महानगर पालिका झाली. पहिली निवडणूक २०१० मध्ये झाली. म्हणजे नव्या शहराची पहिली काही वर्षे प्रशासकाच्या हाती गेली. दुसरी निवडणूक ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत १० सप्टेंबर २०२० रोजी संपली. त्यानंतर निवडणूक झाली नाही.

कारणे कागदावर दिली गेली : प्रभाग १९८ वरून वाढवायचे आहेत, नवा कायदा यायचा आहे, आरक्षण ठरायचे आहे. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सहा आठवड्यांत निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर करण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयात त्या आदेशाला स्थगिती मिळाली आणि वर्षे गेली. घटनेतली सक्तीची भाषा तुम्ही वर वाचलीच आहे. हे फक्त बंगळुरूतच घडले असेही नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली.

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या पूर्व भागात मोठा पूर आला. बेल्लंदूर, सर्जापूर रस्ता, बाहेरचा रिंग रोड पाण्याखाली गेला. संगणक कंपन्यांतले लोक ट्रॅक्टरवर बसून कामाला गेले. राजकालुव्यांवरची अतिक्रमणे आणि बुजलेले ओढे ही कारणे त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी होती. त्या वेळी शहरात एकही नगरसेवक नव्हता. पाणी उपसायला अधिकारी होते, आणि त्यांनी रात्रंदिवस काम केले. पण या नाल्यावर मागच्या तीन अंदाजपत्रकांत किती खर्च झाला, हे भर सभेत उभे राहून विचारणारा आणि त्याची नोंद इतिवृत्तात करून घेणारा कोणी नव्हता.

दिल्लीतून आलेली देखरेख

जिथे स्थानिक देखरेख कमी पडते तिथे न्यायालय येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेल्लंदूरला आग लागल्यावर राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले. ६ डिसेंबर २०१८ रोजी लवादाने राज्य सरकारला ५० कोटी आणि महापालिकेला २५ कोटी रुपये दंड केला, आणि तळ्यांच्या कामासाठी ५०० कोटी रुपये वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले. देखरेखीसाठी न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे बीडीएने तळ्यातला गाळ काढण्याचे काम सुरू केले. लवाद नसता तर हे इतक्या लवकर झाले असते, असे मला वाटत नाही.

पण न्यायालयाच्या देखरेखीलाही मर्यादा आहे. २०१६ मध्ये लवादाने बंगळुरूच्या सर्व तळ्यांभोवती ७५ मीटर पट्टा मोकळा ठेवण्याचा आदेश दिला. आराखड्यात हा पट्टा ३० मीटरचा होता. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो भाग रद्द केला. आराखडा कायद्याने झालेला आहे आणि तो बदलण्याचा अधिकार लवादाला नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे तळ्याभोवती ७५ मीटर हवेत की ३० पुरेत, हा प्रश्न पुन्हा आराखडा करणाऱ्यांच्या दारात आला. दंड करणे न्यायालयाला जमते. शहर कसे असावे हे मात्र शहरानेच आपल्या प्रतिनिधींमार्फत ठरवायचे असते.

दुसरी बाजूही ऐका

मोठ्या वर्गातल्या कॅडेट्सशी या विषयावर माझी चर्चा झाली तेव्हा एकाने ठामपणे सांगितले, "सर, २०१७ आणि २०१८ मध्ये तळे पेटले तेव्हा नगरसेवक होतेच की! मग त्यांनी काय केले?" आक्षेप खरा आहे. सभागृह असताना तळे पेटले. अतिक्रमणांकडे डोळेझाक करणारे प्रतिनिधीही सर्व शहरांत सापडतात. अधिकारी शिकलेले असतात, त्यांना मते मागायची नसतात, मग त्यांच्याच हाती कारभार का नसावा?

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, त्या सभागृहाच्या हातात वर सांगितलेल्या पाच साधनांपैकी पहिले नव्हतेच, आणि तळ्याशी संबंधित चारपैकी तीन संस्था त्याच्या कक्षेबाहेर होत्या. अधिकार न देता जबाबदारी विचारणे योग्य नाही. दोन, नगरसेवक निकामी निघाला तर पाच वर्षांनी त्याला घरी पाठवता येते. अधिकाऱ्याची बदली होते आणि तळे तिथेच राहते. सभागृह आले की तळे आपोआप स्वच्छ होईल, असे मी म्हणत नाही. नागरिकाला प्रश्न घेऊन जायला जवळची एक जागा मिळते, एवढेच म्हणतो.

त्या कॅडेटचे यावर पूर्ण समाधान झाले नाही. तुम्हीही आपले मत बनवा, फक्त त्यामागे माहिती असू द्या.

नवी रचना

१५ मे २०२५ पासून कर्नाटकात बृहत् बंगळुरू प्रशासनाचा नवा कायदा लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या महापालिकेच्या जागी मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा पाच महापालिका अस्तित्वात आल्या. त्यांच्यावर बृहत् बंगळुरू प्राधिकरण आहे आणि मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष आहेत. विखुरलेल्या संस्था एका छत्राखाली आणणे हा या कायद्याचा एक हेतू सांगितला जातो, आणि शहराचे नियोजन या प्राधिकरणाकडे देण्यात आले आहे. बाजूने बोलणारे म्हणतात की आता निदान एक टेबल असेल जिथे पाणी, रस्ते आणि तळी यांचा एकत्र विचार होईल. विरोधात बोलणारे म्हणतात की त्या टेबलाच्या मुख्य खुर्चीवर राज्य सरकारच बसले, तर ७४ व्या घटनादुरुस्तीचे काय झाले?

हे लिहिताना, २०२६ च्या सुरुवातीला, पाचही महापालिकांच्या निवडणुका व्हायच्या आहेत. त्या झाल्यावर नव्या सभागृहांना पाचपैकी किती साधने खरोखर मिळतात, हे पाहण्यासारखे असेल. पाणी हद्द ओळखत नाही, हेही ध्यानात ठेवा. बेल्लंदूरमधून वाहणारे पाणी वर्तूर तळ्यात आणि तिथून दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. एका महापालिकेने वर केलेली घाण दुसरीच्या हद्दीत खाली उतरणार. दोन सभागृहांनी एकमेकांना प्रश्न विचारण्याची सोय कायद्यात कशी आहे, हा मोठ्या वर्गांसाठी प्रकल्पाचा चांगला विषय आहे.

आपण हे का शिकायचे?

काही जण म्हणतील, आम्हाला सैन्यात जायचे आहे, गटार आणि आराखडा यांच्याशी आमचा काय संबंध? तुमच्यातले पुष्कळ जण अधिकारी होतील. त्या वेळी कॅन्टोन्मेंट बोर्डाचा कारभार जवळून पाहायला मिळेल. तिथेही लष्करी अधिकारी आणि निवडून आलेले सदस्य एका टेबलाशी बसतात, आणि पाणी, कचरा, झाडे, बांधकाम हेच विषय असतात. सैनिक निवृत्त होतो तेव्हा गावी किंवा शहरात नागरिक म्हणूनच परततो. आणि २०१८ च्या त्या दिवशी जवानांनी जी आग विझवली, ती शत्रूने लावलेली नव्हती. वर्षानुवर्षे न विचारलेल्या प्रश्नांतून ती पेटली होती. जवान पुन्हाही जातील, ते त्यांचे कर्तव्यच आहे. पण त्यांना तिथे जावे लागू नये, हे पाहणे नागरिकांचे कर्तव्य आहे.

सुटीत करायचे काम

आपल्या गावातले किंवा शहरातले एक तळे, ओढा किंवा टेकडी निवडा आणि पुढील माहिती वहीत लिहून आणा.

१. जागेचा ताबा कोणत्या संस्थेकडे आहे? ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका, पाटबंधारे की वन खाते?

२. त्यात पाणी कुठून येते आणि पुढे कुठे जाते? काठाने चालत जाऊन साधा नकाशा काढा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या.

३. विकास आराखड्यात त्या जागेवर कोणते आरक्षण आहे? नगररचना कार्यालयात किंवा महापालिकेच्या संकेतस्थळावर हे पाहता येते.

४. शहरात राहत असाल तर पर्यावरण स्थितीचा शेवटचा अहवाल मिळवा. तुमच्या तळ्याचा किंवा नदीचा त्यात उल्लेख आहे का? मागच्या वर्षीच्या अहवालाशी तुलना करा.

५. तुमच्या प्रभागाचा नगरसेवक किंवा ग्रामपंचायत सदस्य कोण, आणि त्यांनी या जागेविषयी सभेत काही विचारले आहे का? आजी-आजोबांना तळे पूर्वी कसे होते तेही विचारा.

सुटीनंतर या वह्या आपण वर्गात एकत्र वाचू. एकाच जिल्ह्यातल्या दोन कॅडेट्सनी एकाच नदीची वरची आणि खालची बाजू निवडली, तर तुलना आणखी चांगली होईल.